सिनूकाठची बिनशिंगी

मी एक जुन्या वाणाची म्हातारी गाय आहे. रंग विटेसारखा लाल आणि डोक्यावर शिंगाचा कोंबसुद्धा नाही. कोलंबियात, सिनू नदीच्या खोऱ्यात, आम्हाला ‘रोमो’ म्हणतात. रोमो म्हणजे बोथट. मित्रांनो, नाव चेष्टेने पडले, पण आम्ही ते मिरवले.

माझे पूर्वज पाचशे वर्षांपूर्वी स्पेनहून गलबतांतून आले. त्यांना शिंगे होती. ती कशी गेली, यावर गावातले म्हातारे अजून भांडतात. कोणी म्हणतो, परदेशी बिनशिंगी वळू आणला होता. कोणी म्हणतो, एक वासरूच तसे जन्मले आणि लोकांनी तेच वाण धरले. काही का असेना, ऊन, चिखल आणि गोचीड सोसून आम्ही टिकलो. मी चौदा वेळा व्याले, एकदाही कुणाला मदतीला बोलवावे लागले नाही.

माझी मालकीण एदुविहेस नेग्रेते. माझ्या दुधाची आंबट साय ती उकडलेल्या कसाव्याच्या कंदावर घालते. तिचा भाचा निकानोर एके दिवशी वशिंडाच्या तीन पांढऱ्या गाई घेऊन आला. त्यांचे पूर्वज तुमच्याच देशातले, तेव्हा राग मानू नका. गाई देखण्या होत्या. आडदांड तर होत्याच.

“आत्या, तुझ्या ह्या लाल खुज्या आता पुरे,” तो म्हणाला. “जत्रेत लोक हसतात मला.”

“हसू देत. हसून झालं की जेवायला बोलव त्यांना.”

गुरांचा व्यवहार निकानोरच बघे; त्याने आमचा वळू बेहुको कत्तलखान्याला द्यायचे ठरवले. आसपासच्या गावांत शुद्ध वाणाचा तो एकच वळू उरला होता. तो गेला की आमचा वंश तिथेच संपणार होता. एदुविहेसने एक अट घातली. जूनमधल्या सान हुआनच्या सणाला लाल आणि पांढऱ्या, दोन्ही वाणांचे मांस एकाच विस्तवावर भाजायचे, मिठाशिवाय काही लावायचे नाही. खाणाऱ्याला फरक कळला नाही, तर वळू खुशाल न्यावा.

त्यासाठी माझा तीन वर्षांचा खच्ची केलेला गोऱ्हा नेला; त्याच वयाचा पांढरा निकानोरने विकत आणला. मी दोन दिवस हंबरत होते. हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण लोकांनी आम्हाला पाचशे वर्षे सांभाळले ते दुधासाठी आणि मांसासाठीच, हेही मला ठाऊक आहे. जायचेच होते, तर त्याने तरी ताठ मानेने जावे, असे मला वाटले.

चव घ्यायला एलिएसेर आर्हेलला बसवले. चाळीस वर्षे खाटिकखाना चालवलेला माणूस, तोंडात दात चारच. कुठला तुकडा कशाचा, हे त्याला सांगितले नव्हते. पहिला तुकडा तो बराच वेळ चघळत राहिला. दुसरा तोंडात घातला आणि त्याने सुरी खाली ठेवली.

“याला मला दात लागलेच नाहीत,” तो म्हणाला. “चरबी फारशी नाही, तरी रस आहे. हा लाल जनावराचा.”

निकानोरने त्याच तुकड्यातला उरलेला भाग उचलून खाल्ला. दुसऱ्या दिवशी वळू न्यायला आलेला ट्रक त्याने रिकामाच परत पाठवला.

पुढच्या वर्षी त्याच्या पांढऱ्या गाईंना बेहुकोपासून वासरे झाली. तुकतुकीत आणि आईपेक्षा गरीब स्वभावाची. निकानोर शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होता.

“वळू कोणाचा रे?” एदुविहेसने मुद्दाम विचारले.

“आपला, आत्या,” तो खाली बघत म्हणाला.

आम्हा लाल गाईंना मात्र तिने बेहुकोखेरीज दुसरा वळू लावू दिला नाही. वाण असेच टिकते.

मित्रांनो, मला तुमची कीव नको. जुने म्हणून आमचे चित्र भिंतीवर लावू नका. आमचा वळू राखा, आमची कुरणे राखा, आमच्याकडून काम घ्या आणि आम्हाला वाढू द्या. आणि एवढे करूनही कुणाला आम्ही निकामी वाटलो, तर त्याने एप्रिलमध्ये सिनूकाठी यावे आणि माझ्या शेजारी भर उन्हात एक दुपार उभे राहून दाखवावे.