तेहेतीस गोपद्मं

श्रावण संपता संपता माडीवरच्या बोआ जातीच्या अजगरासारख्या सापाच्या मादीला तेहेतीस पिल्लं झाली आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक गोपद्म उमटलेलं होतं, कुमुदिनीच्या हातचं. गाईच्या पावलाची ती रांगोळी हजारांत ओळखू आली असती. तिचा उजवा अंगठा जरा वाकडा होता, म्हणून डावा खूर नेहमी आत वळायचा. तेहेतिसांच्याही पाठीवर तो तसाच आत वळलेला होता.

त्याच सकाळपासून तिच्या चिमटीतून सुटलेली रांगोळी फरशीपर्यंत पोचेना. वीतभर खाली येई आणि नाहीशी होई.

चातुर्मासातलं हे व्रत तिनं पाच वर्षांसाठी घेतलं होतं आणि हे पाचवं वर्ष होतं. रोज तेहेतीस गोपद्मं, तेहेतीस प्रदक्षिणा, तेहेतीस नमस्कार. कार्तिकातल्या द्वादशीला उद्यापन. आतापर्यंत एक दिवस चुकला नव्हता. तापातसुद्धा भिंतीला धरून तिनं फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या. आता समोरच्या कानडेकाकू फाटकाशी थांबून विचारू लागल्या, "दार पांढरं दिसत नाही हल्ली. सुतक आहे का घरात?"

चूक आपलीच आहे, हे कुमुदिनीला कळत होतं. नागपंचमीला कागदावरच्या नागोबाला लाह्या वाहून झाल्यावर तिच्या मनात आलं होतं की, घरात एक जिवंत आहे, तीही पोटुशी, तिला असं कोरडं कसं ठेवायचं? ती माडीवर गेली आणि काचेच्या पेटीत तिनं त्या मादीची ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. मादीनं नारळाला विळखा घातला आणि पिल्लं होईपर्यंत सोडला नाही. ज्या घरानं ओटी भरली त्या घराचं लेणं तिनं लेकरांना दिलं, एवढंच. तिच्यावर कुमुदिनीचा राग नव्हता.

राग होता तो भालचंद्रभावजींवर. हा तिचा धाकटा दीर गेली दहा-बारा वर्षं माडीवर बोआंच्या जोड्या लावत होता. लाल शेपटीचा नर, फिकट मादी, त्यांची पिल्लं, त्या पिल्लांची पुन्हा जोडी. कुठल्या पिल्लाचा बाप कोण, आई कोण, नक्षी कुठून आली, सगळं एका लांबट वहीत.

"चौथ्या पिढीत दबलेला गुण वर येतोच, वहिनी," तो म्हणाला. "जनुकांचं गणित आहे हे."

"अंगठा माझा वाकडा आहे, भावजी."

त्यानं मान वर केली नाही. नक्षीच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'भालचंद्र वाण'.

तिनं आवाज चढवला नाही, तिला तो चढवता येतच नसे. पण त्या दिवसापासून ती पूजेचं ताट घेऊन माडीवर जाऊ लागली. पद्मं जिथे, तिथेच प्रदक्षिणा. पिल्लांच्या खोक्यांची मांडणी खोलीच्या मधोमध होती, तिच्याभोवती ती फिरे. फेऱ्या सुरू झाल्या की संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा नेम.

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिलं पिल्लू गेलं त्या दिवशी खोली वीतभर आखडली. दुसऱ्याला आणखी वीतभर. भालचंद्रानं कपाट बाहेर काढलं, मग खाट. कुमुदिनीच्या फेऱ्या लहान होत गेल्या. देवाचं काढलेलं विकतात का, असं तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्हा दोघांचं तुम्हीच बघा, आणि माडीच्या आखडलेल्या दारातून आत येताना खांदा तिरका केला.

तिनं मनाशी एक धरून ठेवलं होतं. घरात एक तरी पद्म आहे तोवर व्रत मोडलं नाही.

कार्तिकातल्या दशमीला शेवटचं एकच पिल्लू राहिलं. ती ताट घेऊन वर आली तेव्हा खोली फडताळाएवढी झाली होती आणि मधोमध भालचंद्र उभा होता, काखेत वही, हातात पिल्लाचं खोकं.

"परवा द्वादशी आहे, भावजी. परवापर्यंत राहू द्या."

"गिऱ्हाईक खाली उभंय. आणि सगळ्यात स्वच्छ ठसा याचाच उठलाय."

"ठसा कुणाचा, तेवढं तरी वहीत लिहा."

"वहीत आईबापांची नावं असतात, वहिनी. रांगोळीवाल्यांची नसतात," असं म्हणून तो हसला.

तिनं ताट खाली ठेवलं, पदर खोचला, खोक्याला हात जोडले आणि चालू लागली. खोकं त्याच्या हातात होतं, म्हणून त्याला उजवीकडे ठेवून त्याच्याभोवतीच फिरावं लागलं. पहिल्या फेरीला तिचा पदर त्याला लागला. पाचवीला खांदा लागला. जरा सरका, जाऊ द्या, असं तो म्हणाला. मग गिऱ्हाइकाला हाक मारू लागला, ती अर्धीच निघाली. दहावीनंतर तिला पायांची गरज राहिली नाही. खोक्यात पिल्लू शांत होतं.

वही कुठेतरी खाली पडली.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, कारण तेवढाच श्वास होता. "लिहितो. तुमचं नाव लिहितो."

फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत तिला बोलता येत नव्हतं. एकविसावी झाली होती. अजून बारा बाकी होत्या.