माझा कोणता पाय लांब होता?

मी एक जुनी, बुटकी तिपाई आहे. मित्रांनो, जन्मतः मी बुटकी नव्हते. हे कसे झाले ते मला अजून धड कळलेले नाही. जेवढे कळले तेवढे सांगते.

मला एका सुताराच्या लेकीने घडवले. ती बापाच्या हाताखाली शिकत होती आणि तिने एकटीने केलेली पहिली वस्तू म्हणजे मी. सुतारबाबांनी माझ्यावर पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध थांबला, तेव्हा ते म्हणाले, "बरी आहे." ते कुणाच्या कामाला 'बरे'सुद्धा म्हणत नसत, त्यामुळे लेकीचे पाय दिवसभर जमिनीला लागेनात. त्या दिवसापासून करवतीच्या यंत्राशेजारी बाबांची बसायची जागा म्हणजे मी. पुढची बारा वर्षे माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मग एका सकाळी बाबा माझ्यावरून उठले आणि त्यांचा झोक गेला. त्यांनी मला उलटे केले, "हिचा एक पाय लांब आहे," म्हणाले आणि तो कापला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग दुसरा पाय, मग तिसरा. मी पार गोंधळून गेले. आपल्यात खोट आहे हे इतकी वर्षे आपल्यालाच कसे कळले नाही? बरे, मी जितकी बुटकी होत गेले, तितका उठताना त्यांचा तोल जास्तच जाऊ लागला. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणतात खरे. पण वाकडे अंगण म्हणजे खरोखर मीच असले तर?

सगळ्यांत वाईट वाटले ते लेकीचे. "मुळातच कच्चं काम केलंस तू," असे बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणत. ती बिचारी मग प्रत्येक सांधा तीनतीनदा मोजायची.

एका दुपारी करवत चालू होती. बाबा उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते थेट पात्याकडे कलले. लेकीने सदरा धरून त्यांना मागे खेचले आणि यंत्राचे बटण बंद केले.

"जाळून टाक ती तिपाई!" बाबा म्हणाले.

"बाबा, तीन पायांचं कधी डुगडुगतं का? तुम्हीच शिकवलंय मला."

बाबा माझे तिन्ही पाय न्याहाळू लागले.

"चक्कर येते ना तुम्हाला? कधीपासून?"

"ती बीपीची नवी गोळी सुरू झाल्यापासून," बाबा पुटपुटले. "पण बीपी झकास उतरलंय गं! आणि तुला सांगितलं असतं, तर तू मला करवतीजवळ फिरकू दिलं असतंस का?"

"नसतंच दिलं!" लेक ओरडली आणि माझ्यावर बसून रडू लागली.

संध्याकाळी दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी बाबांचे बीपी बसवून मोजले, मग उभे करून मोजले. उभे राहताच ते फार खाली जात होते. गोळी मनाने बंद करायची नाही, असे बजावून त्यांनी ती कमी करून दिली. चक्कर थांबेपर्यंत करवत बंद. मुगाएवढी गोळी बाबांच्या पोटात जाते काय आणि पाय माझे कापले जातात काय! हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

आता बाबा उंच खुर्चीवर बसतात आणि सावकाश उठतात. माझ्यावर सरसाचा डबा असतो. परवा एका गिऱ्हाइकाने हसून विचारले, "एवढी बुटकी कुणी केली हो ही?"

"लेकीनं केली ती चांगलीच केली होती," बाबा म्हणाले. "बुटकी मी केली. तोल माझा जात होता." लेक पाठमोरी होती. तिचा रंधा थांबला आणि बराच वेळ पुन्हा चालला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी उठताना भिंत धरू लागले, तर फरशीला नावे ठेवू नका. त्यांनाच विचारा. 'काही नाही' म्हणाले, तर शेजारी बसून पुन्हा विचारा.