निळी बादली आणि मी

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. गणपतीच्या पायाशी बसणारा नव्हे. कॉम्प्युटरला शेपटीनं बांधलेला. माझ्या पोटात एक रबरी गोळी आहे. ती गरगरली की पडद्यावरचा बाण चालतो.

मुरादनं दुबईहून आपल्या भावाला, जुहेबला, कॉम्प्युटर पाठवला. त्याच्यासोबत मी रोह्याला, जुहेबच्या फोटो स्टुडिओत आलो. सुरुवातीला काय माझं कौतुक! लोक नुसता हात लावून बघायला यायचे. पुढं नवऱ्यामुलींच्या गालांवरचे फोड पुसता पुसता माझ्या पोटात धूळ साठली. ती कुणाला दिसली नाही.

१९९९ साली, गणपतीला महिनाभर असताना, पेणची मृणाली आली. तिच्या वडिलांचा, दाजींचा, मूर्तींचा कारखाना. तिनं फोटो काढला होता: रांगेनं पांढऱ्याफेक कच्च्या मूर्ती आणि मधोमध रंगवून झालेला एकच गणपती. पेणच्या वाचनालयात फोटोंची स्पर्धा होती, आणि फोटो त्याच संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. दाजींनी बजावलं होतं, "या टायमाला काय नाय झालं, तर क्यामेरा मामाला परत. गुमान मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला बसायचं."

फोटोच्या कोपऱ्यात मात्र एक निळी प्लास्टिकची बादली आली होती.

"भाय, हिचा रंग तेवढा उडवा. सगळा विचका केलाय मेलीनं," मृणाली म्हणाली.

"नियम वाचलास का गो? अख्ख्या फोटोचा उजेड कमी-जास्त चालंल. पण ठरावीक जागेचा रंग काढला, की फोटो बाद."

"बादली कोण बघतंय? आमच्याकडं मूर्तीवर डाग ऱ्हायला की ब्रश मारतातच."

डाग झाकल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जात नाही, यातच ती वाढलेली. जुहेबनं मान हलवत माझ्यावर बोट दाबलं. बादली राखाडी झाली.

मृणाली बघतच राहिली. "भाय, आता सगळ्याच मूर्तींचा रंग आपण काढल्यासारखा वाटतोय. नको. होती तशीच ऱ्हाऊ द्या तिला."

जुहेब फोटो बंद करायला गेला. पडद्यावर प्रश्न आला: केलेला बदल ठेवायचा का? पनवेलहून स्कॅन करून फ्लॉपीवर आणलेला फोटो तेवढा एकच. 'होय' दाबलं की फ्लॉपीवरचा खरा फोटो गेला. नवा आणायला वेळ नव्हता. पेणची एसटी लागलेली होती.

जुहेब मला 'नाही'कडे ओढू लागला. माझी गोळी धुळीत अडकली. बाण थरथरला, घसरला आणि थेट 'होय'वर जाऊन बसला.

"बोट उचला, भाय!"

मी चावल्यासारखा जुहेबनं हात काढला. मग मला उलटा केला, गोळी काढली आणि नखानं आतली घाण खरवडली. "काय खाल्लंस रे एवढं?" गोळी परत बसली. तो श्वास रोखून मला सरकवू लागला. या वेळी बाण नीट चालला. 'नाही'.

फोटो पुन्हा उघडला तेव्हा बादली निळीच होती. छापील फोटो छातीशी धरून मृणाली एसटीकडे पळाली.

पुढचं तिनंच येऊन सांगितलं. परीक्षक गिरजाबाई फोटोपुढं थबकल्या. "एकाच गणपतीला रंग? बाकीच्यांचा कॉम्प्युटरवर काढलास ना, बाळ? मग हा बाद."

तेवढ्यात मागून दाजी ओरडले, "ओ बाई, काढलाय कुठं? अजून लावलाच नाय! या की कारखान्यात, ब्रश देतो हातात!"

लोक हसले. गिरजाबाई मात्र वाकून कोपरा बघत होत्या. "खरंय. ही पोर रंग काढणारी असती, तर पहिला या निळ्या बादलीचा काढला असता."

नंबर तिसरा आला. घरी जाताना दाजी एवढंच म्हणाले, "मामाला सांगतो, क्यामेरा राहूदे."

आता मी जुहेबच्या खणात पडून असतो. मित्रांनो, तुमच्या हाताखाली माझी धाकटी भावंडं असतील. त्यांना अधूनमधून पुसत जा. आणि नको वाटणाऱ्या एखाद्या कोपऱ्याचा रंग काढण्याआधी बोट जरा उचलून धरा. त्या बादलीला तोंड नव्हतं, तरी मृणालीच्या बाजूनं तीच बोलली.