हाडं मागाहून नेऊ

हेरॉल्ड सरांना युरोपच्या सगळ्या राजांमध्ये एकच आवडायचा, तांबड्या दाढीचा फ्रेडरिक बार्बारोसा. वसईतल्या शाळेत त्यांनी उभी हयात इतिहास शिकवला. क्रूसयुद्धांचा धडा आला की ते पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचे आणि मागच्या बाकावरची टवाळ पोरंही गप्प व्हायची. इंग्लंडच्या रिचर्डचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "तो आणि फ्रान्सचा फिलिप गलबतात बसून आले, वाटेत भांडत आले, आणि नाव मात्र त्यांचं झालं," असं म्हणून ते नाक मुरडायचे. त्यांचा फ्रेडरिक सत्तरीला टेकलेला. या वयात शेकोटीपाशी बसून पाय शेकायचे, तर हा म्हातारा एवढं मोठं सैन्य घेऊन खुष्कीच्या मार्गाने जेरुसलेमकडे निघाला. वाटेत उपास सोसले, तुर्कांना त्यांच्याच राजधानीत हरवलं, आणि मग कुठल्याशा नदीत उतरला काय आणि बुडून मेला काय! लढाईत नाही, काही नाही.

पुढचा भाग पोरांच्या आवडीचा. राजाच्या मुलाने, तोही फ्रेडरिकच, बापाला जेरुसलेमला पुरायचं ठरवलं आणि प्रेत टिकावं म्हणून व्हिनेगारात घातलं. "लोणचं, सर!" असं कुणीतरी ओरडायचंच आणि सरही हसायचे. पण व्हिनेगारात प्रेत टिकेना. सैन्य पांगलं. शेवटी आतडी-काळीज तार्ससला पुरलं, मांस अँटिऑकला, आणि हाडं म्हणे टायर बंदरापर्यंत पोचली. जेरुसलेम राहिलं ते राहिलंच. इथे सरांचं हसू मावळायचं. "बापाचा एवढा एक नवस," ते म्हणायचे, "तोही पोराला धड फेडता आला नाही."

त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर त्यांचा मुलगा शॉन बसलेला असायचा. सर त्याच्याकडे बघून म्हणायचे असं नाही. पण शॉनला ते आपल्यालाच म्हणताहेत असं वाटायचं, आणि पन्नाशी आली तरी ते वाटणं गेलं नव्हतं.

शॉन आता कॅनडात एटोबिकोला राहत होता आणि पिअर्सन विमानतळाच्या कार्गोत कामाला होता. निवृत्तीनंतर आई-वडिलांना त्यानेच बोलावून घेतलं होतं. सर इथे आले, पण रमले म्हणाल तर कधीच नाही. बर्फाला ते 'नसती ब्याद' म्हणायचे आणि रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर पार्किंगमध्ये वसईचं कुणी भेटलं की तासभर हलायचे नाहीत. किडन्या जवाब द्यायला लागल्या तेव्हा त्यांनी शॉनला जवळ बसवलं.

"मला तिकडे न्यायचं. माझ्या आईशेजारी. डेस्मंडशी बोलणं झालंय माझं."

"डॅडी, आता लगेच कशाला हे सगळं..."

"लगेच नाही, वेळ आली की. तू तर कार्गोतच आहेस. रोज पेट्या पाठवतोस लोकांच्या. बापाची एक पाठवायला काय जड आहे? प्रॉमिस कर."

शॉनने हातावर हात ठेवून प्रॉमिस केलं. खरोखरच ते त्याला जड वाटलं नव्हतं. अशा शवपेट्या त्याने अमृतसरला पाठवल्या होत्या, मनिलाला पाठवल्या होत्या. कागदपत्रं कुठली लागतात हे त्याला तोंडपाठ होतं.

दोन हजार सतराच्या जानेवारीत सर गेले. शॉनने डोळे पुसले आणि पहिला फोन कामावर केला, पेटीच्या चौकशीचा. दुसरा वसईला, डेस्मंड काकांना. काका रडत रडतच म्हणाले, "घेऊन ये बाबा त्याला. फादरना सांगून ठेवतो."

अडली ती फ्लोरिन, शॉनची आई. तिचा खुबा मोडून वर्ष झालं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आणि डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. नवऱ्याच्या शवपेटीबरोबर ती जाऊ शकत नव्हती. गेलेल्या पेटीमागे कबरीवर फूल ठेवायलाही तिला कधी जाता येणार नव्हतं. तरी ती रडली-भेकली नाही. किचनच्या टेबलाशी वॉकर पुढ्यात घेऊन बसली आणि अगदी व्यवहाराचं बोलावं तसं बोलली.

"शॉन, आत्ता इथेच पुरू त्यांना. मला मातीला यायला मिळेल. आपल्याकडे नाहीतरी काय करतात? काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढतात, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. इथली हाडं निघाली की तू तिकडे ने. माणूस काय, हाडं काय, आईशेजारी गेल्याशी कारण. हाडं मागाहून नेऊ."

शॉनच्या छातीवरचा धोंडाच उतरला. वसईत तसंच तर चालतं. सिमेंतरीत जागा कमी, मेलेले फार. काही वर्षं माणसाने जमिनीत काढायची आणि मग दुसऱ्याला जागा करून द्यायची. लहानपणी त्याने आजीची हाडं निघताना पाहिली होती. काकांनी ती पांढऱ्या कापडात घेतली होती आणि सर बाजूला उभे राहून रोजरी म्हणत होते. त्यात भीतीचं काही नव्हतं, घरचंच एक काम होतं ते. आईने सांगितलं ते त्याला इतकं पटलं, की कॅनडात हे कसं करतात असा साधा प्रश्नही त्याच्या मनात आला नाही.

डेस्मंड काकांनाही पटलं. "चालेल. हाडं आण," ते म्हणाले.

गोठलेल्या जमिनीत यंत्राने खड्डा काढला. पेटी खाली जाताना शॉनच्या मनात बार्बारोसा आला. मांस अँटिऑकला, हाडं पुढे. डॅडी, तुमच्याच राजासारखं करतोय, तो मनात म्हणाला. फक्त मी पोचवणार आहे.

आई दर रविवारी कबरीवर जायची. मिस्सेनंतर शॉन तिला गाडीतून न्यायचा. खुर्चीवर बसून ती नवऱ्याशी बोलायची, हिवाळ्यात दोन वाक्यं, उन्हाळ्यात भरपूर. एटोबिकोत कांद्याचा भाव काय झाला तेही सांगायची. जिवंतपणी सर तिचं इतकं कधी ऐकून घेत नसत, अशी शॉन तिची थट्टा करायचा आणि तीही हसायची.

अशी अडीच-पावणेतीन वर्षं गेली. दोन हजार एकोणीसच्या शरदात काकांचा फोन आला. गावच्या सिमेंतरीत नवी भिंत बांधत होते आणि आजीच्या लगतचा कोनाडा हेरॉल्डसाठी धरून ठेवायचा तर हाडं कोणत्या साली येणार ते फादरना सांगावं लागणार होतं. "मी आता किती दिवसांचा सोबती? माझ्या हाताने ठेवू दे त्याला," काका म्हणाले.

शॉन लगेच दफनभूमीच्या ऑफिसात गेला. काउंटरवर एक मनमिळाऊ बाई होत्या. त्याने विचारलं, इथल्या कबरी किती वर्षांनी उघडतात? बाईंना वाटलं बिचारा घाबरलाय. त्या पुढे वाकून धीर देत म्हणाल्या, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. इथे कुणी कुणाला हलवत नाही. ही जागा तुमच्या वडिलांची, कायमची."

कायमची. मग त्याने वसईची रीत समजावून सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकली, चेहऱ्यावर काही न दाखवता. उघडता येते, त्या म्हणाल्या, पण क्वचित. आरोग्य खात्याची परवानगी लागते. आणि सगळ्यात आधी, जिच्या नावावर कबरीचा हक्क आहे तिची संमती. हक्क मिसेस फ्लोरिनच्या नावावर होता. संमती असेल तर पुढचं त्या बघणार होत्या.

म्हणजे अजून वाट होती! शॉन गाडीत बसला तेव्हा त्याचं मन हलकं झालं होतं. घरी जाताना सिग्नलला त्याने फोनवर सहज बार्बारोसाचा मुलगा शोधला. सरांनी त्याची गोष्ट टायरला सोडून दिली होती आणि शॉननेही पुढे काय झालं ते कधी विचारलं नव्हतं. पोरगा उरलंसुरलं सैन्य घेऊन आक्रेच्या वेढ्यात गेला आणि बापामागे वर्षाच्या आत तापाने तिथेच मेला. चोविशीसुद्धा उलटली नव्हती. मागच्या गाडीने हॉर्न वाजवेपर्यंत शॉनचं सिग्नलकडे लक्षच नव्हतं. इतकी वर्षं तो त्या मुलाला नालायक समजत आला होता.

आई मेथी निवडत होती. शॉनने सगळं एका दमात सांगितलं, कायमचं म्हणजे काय ते, आणि तिच्या सहीने कसं सुटेल तेही.

"मम्मी, आपली चूक झाली. आपल्याला वाटलं इथेही काढतात. पण इट्स ओके, होऊ शकतं. तू फक्त हो म्हण."

आईने हातातली काडी खाली ठेवली.

"आपली चूक नाही. तुझी झाली."

"म्हणजे?"

"रोजरी ग्रुपच्या किती जणींच्या नवऱ्यांना मातीला गेलेय मी इथे. इथे काढत नाहीत, मला ठाऊक होतं."

शॉन ओरडला. आईवर तो आयुष्यात ओरडला नव्हता. "तुला ठाऊक होतं? मी प्रॉमिस केलं होतं त्यांना! मरताना माणसाने एकच गोष्ट मागितली!"

"हो, आईशेजारची जागा मागितली." तिचा आवाज चढला नाही. "त्रेपन्न वर्षं संसार केला मी, शॉन. पोरं वाढवली, त्यांच्या आईचं हगणं-मुतणं काढलं. आणि जाताना म्हातारा म्हणतो, आईशेजारी. फ्लोरिन कुठे असेल, एवढं एकदा विचारलं असतं. एकदा. मी स्वतः पाठवलं असतं त्यांना."

शॉनला वडिलांच्या बाजूने काहीतरी म्हणायचं होतं. आठवून आठवून पाहिलं त्याने, त्या शेवटच्या महिन्यांतलं सगळं. सरांनी खरंच विचारलं नव्हतं. त्यानेही नव्हतं विचारलं.

"सही मी देणार नाही," आई म्हणाली. "माझ्यामागे हक्क तुझ्याकडे येईल. तेव्हा ने त्यांना. मला इथे एकटीला ठेव आणि ने."

तिने मेथी पुढे ओढली, पण तिला पानं दिसत नव्हती. शॉन तिच्या शेजारी बसला आणि तिच्या हातातली जुडी घेऊन निवडू लागला. थोड्या वेळाने टेबलावरचा त्याचा फोन वाजला. डेस्मंड काकांचा होता. तो वाजून वाजून बंद पडेपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.