लोळणारी पलटण

भिंगारात पिठाच्या गिरणीच्या माडीवर राजेश्वरीने योगवर्ग काढला आणि जिन्यापाशी पाटी लावली, 'या, बसा, जमेल तेवढं करा.' ती वाचून समोरच्या घरातल्या वैजनाथरावांच्या डोक्यात तिडीक गेली. जमेल तेवढं! बावीस वर्षं त्यांनी पलटणीत रंगरुटांकडून पी.टी. करून घेतली होती. तिथे कुणी असं म्हटलं असतं तर त्याला मैदानाला वीस चकरा मारायला लावल्या असत्या.

त्यांची बायको सविताबाई मात्र पहिल्या दिवसापासून जायला लागल्या. वैजनाथराव गच्चीवर चहा घेत माडीच्या उघड्या खिडकीतून सगळं पाहायचे. किराणावाले हनुमंतशेठ ढेरीवर हात ठेवून श्वास घ्यायचे, जसं काही जन्मल्यापासून घेतलाच नव्हता. सत्तरीची बद्रुन्निसाबी ओढणी खोचून हात वर करायची. शेवटी सगळे आडवे व्हायचे आणि कुणीतरी खुशाल घोरायचं.

"ह्याला व्यायाम म्हनत्यात व्हय? लोळनारी पलटन नुसती," ते म्हणायचे. एवढं मात्र खरं की सविताबाई आता जिना कठडा न धरता चढायच्या.

मग मुलीचं, पंकजाचं, लग्न ठरलं. साखरपुड्यात नेवाशाचे व्याही अजिनाथराव पाटावर बसेनात. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी खुर्ची मागवली. झालं! वैजनाथरावांना कुणाची तरी खोड काढल्याशिवाय अन्न पचत नसे. भरल्या घरात ते म्हणाले, "खुर्चीवर बसून विधी करायचा म्हंजी काय हाफिस हाय का हे? मी कन्यादान पाटावर मांडी घालून करनार. दोन तास बसतो का न्हाई बघा."

"बघू की," अजिनाथराव शांतपणे म्हणाले. "आमी म्होरंच बसू, खुर्चीवर."

त्या संध्याकाळी वैजनाथरावांनी दार लावून मांडी घालून पाहिली. डावा पाय दुमडला. उजवा गुडघा मात्र उभाच राहिला. त्यांनी दाबला, शिवी हासडली, पुन्हा दाबला. शेवटी पलंगाचा पाय धरून कसेबसे उठले. लग्नाला पंचवीस दिवस राहिले होते आणि शब्द तर चार गावांत गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते माडी चढले. "बघायला आलोय," त्यांनी दारातच जाहीर केलं. "या काका," म्हणत राजेश्वरीने एका सतरंजीवर घडीची चादर ठेवली. बायामाणसांत, चादरीच्या उशीवर, त्यांना बसवलं! आणि शेजारी बद्रुन्निसाबी टाचांवर अशी आरामात बसलेली की यांना स्वतःची लाज आणि तिचा राग एकदमच आला.

"पाच वख्ताची नमाज हाय, भाई," ती म्हणाली. "गुडघ्याला सवय हाय. तुमालाबी व्हईल."

वैजनाथरावांना तिचा दिलासा नको होता. त्यांना फक्त मांडी हवी होती. बाकी सगळ्याला ते नाक मुरडत राहिले. शवासनात तर ते टाचा जुळवून, मुठी मांड्यांना लावून निजले. "काका, सावधानमध्ये नाही, विश्राममध्ये," राजेश्वरी म्हणाली, तेव्हा हनुमंतशेठ फिसकन हसले.

पण मांडी हळूहळू खाली आली. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सतरंजीला टेकला. वर्ग संपताना राजेश्वरी रोज म्हणायची, "घाईने उठू नका. उजव्या कुशीवर वळा, हात टेका, मग गुडघा, मग उठा." वैजनाथरावांना तेवढा धीर कुठला? शेजारच्या दोघा-तिघांचे खांदे धरत ते झटक्यात उठायचे आणि जिन्यावरून ओरडायचे, "उठायचं काय शिकवायचं आसतं? उठायचं म्हंजी उठायचं!"

लग्नाच्या दिवशी ते फेटा बांधून पाटावर बसले. मांडी झकास जमली. समोर खुर्चीवर अजिनाथराव. वैजनाथराव त्यांच्याकडे बघून मिशीत हसले आणि पंकजाच्या हातावर पाणी सोडताना डोळे भरून आले तरी कमरेत वाकले नाहीत. विधी लांबला. दोन तासांनी गुरुजी म्हणाले, "चला, उठा आता."

पाय नव्हतेच. म्हणजे होते, पण दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. त्यांनी हात टेकला तो अक्षतांवरून घसरला. पुन्हा टेकला. मागून खुसखुस सुरू झाली. व्हिडिओवाल्याने दिवा नेमका त्यांच्यावर धरला. पंकजा घाबरून पुढे वाकली.

एवढ्यात राजेश्वरी पाहुण्यांतून पुढे आली आणि भरजरी साडीत त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "काका, उजव्या कुशीवर वळा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. नाहीतर संध्याकाळपर्यंत इथेच."

तिच्याबरोबर आलेल्या बद्रुन्निसाबीने मागून फेट्याचा लोंबता शेमला उचलून धरला. वैजनाथराव मुलीच्या मांडवात, अक्षतांवर, उजव्या कुशीवर लोळले. हात टेकला, गुडघा टेकला, श्वास सोडला आणि उभे राहिले. कुणीतरी टाळीही वाजवली.

"व्याही, ह्या बाया कोन?" अजिनाथरावांनी विचारलं. त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता. "ह्या शिकवत्यात काय? तुमी क्लासला जाता का? पत्ता द्या की, मलाबी गुडघ्याचं..."

"छ्या!" वैजनाथराव म्हणाले. "मला कशाला लागतोय क्लास? शेजारच्या हायत. लग्नाच्या जेवनाला आल्यात."

राजेश्वरी दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. बद्रुन्निसाबीच्या हातात अजून शेमला होता. तिने तो नीट त्यांच्या खांद्यावर सोडला, सुरकुती काढली आणि दोघी गर्दीत मिसळल्या. जेवल्या की नाही ते कुणी पाहिलं नाही. वैजनाथरावांनी आयुष्यभर पुष्कळांना हलकं लेखलं होतं. पण फेटा बांधलेल्या स्वतःइतका हलका माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता, आणि त्याला चकरा मारायला लावायचीही सोय नव्हती.

सोमवारी सकाळी सहाच्या वर्गाआधीच ते माडीवर होते. सतरंजीवर चादर ठेवलेलीच होती. शवासनात आज टाचा सुटल्या. खाली गिरणी सुरू झाली, माडी थरथरायला लागली, तरी ते पडून राहिले.

"पोरी," ते डोळे मिटूनच म्हणाले, "मांडवात मी खोटं बोललो."

"ऐकलं मी," राजेश्वरी म्हणाली. "आता घाई करू नका, काका. उजव्या कुशीवर वळा."