एका माळेचा वेळ

धारच्या रघुजींच्या फोटोखोलीत घड्याळ नव्हतं. देवासला उस्तादांकडे शिकले तेव्हापासून पद्धत एकच. काचेची प्लेट चित्र उमटवणाऱ्या मसाल्याच्या पाण्यात सोडायची, डाव्या हातात माळ घ्यायची आणि भरभर रामनाम सुरू करायचं. माळ संपली की प्लेट बाहेर. उजवा हात तेवढ्यात दुसऱ्या प्लेटा धुवायला मोकळा. वैशाखात पाणी तापायचं, जरा उशीर झाला तरी प्लेट काळी ठिक्कर पडायची, म्हणून नाम कायम एकाच वेगानं. भक्तिबिक्ती काही नाही हो, नुसतं मोजमाप.

त्या सकाळी उमाबाई आल्या. चार महिन्यांचं लेकरू मांडीवर, तापानं मलूल झालेलं. "वैद्य भरवसा देत नाहीत. याचा एक तरी फोटो असू दे," म्हणाल्या. रघुजींनी मायलेकरांचा फोटो काढला.

दुपारी ती प्लेट पाण्यात होती, माळ निम्म्यावर आली होती, आणि बंद दाराबाहेरून उमाबाईंचा दीर फत्तेसिंग बोलला, "रघुजी, बाळ गेलं. वहिनीला आता तुमच्या फोटोचाच आधार."

रघुजींचा धुणारा हात थांबला, डोळे मिटले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी नाम मनापासून घेतलं, त्या लेकरासाठी, एकेका मण्यावर थांबत. माळ पुरी झाली तेव्हा बरं वाटलं त्यांना. बरं वाटलं म्हणे! डोळे उघडून पाहतात तर लाल कंदिलाच्या उजेडात प्लेट तव्यासारखी काळी. ना आई, ना मूल.

आता काय म्हणावं या माणसाला? देवाला हाक मारायचीच होती, तर प्लेट बाहेर काढून मारायची. रघुजींनी स्वतःला हेच शंभरदा सुनावलं. घास उतरेना, झोप लागेना.

दोन दिवसांनी ते उमाबाईंकडे गेले. खरं सांगायचं असं ठरवूनच गेले.

"फोटो बिघडला, बाई," ते म्हणाले. माळेचं सांगण्याआधी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

उमाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मीच हलले असणार," त्या म्हणाल्या. "तो कण्हला, तेव्हा थोपटावंसं वाटलं हो मला. माझ्याच हातानं घालवला मी."

ती बाई जराही हलली नव्हती. रघुजींनी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून स्वतः पाहिलं होतं.

"होतं असं," ते म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर पडले.