चढ पायानं, उतार रिक्षानं

सोलापुरात चढ नाही. कोणाला राग येऊ दे, नाहीतर न येऊ दे, पण खरं ते खरं. परातीत भाकरी थापावी तसं सपाट गाव आमचं. अशा गावात राहून पुण्याच्या टेकड्यांवरची मॅरेथॉन पळायची म्हणजे काय, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दारातनंच परत पाठवलं असतं.

पण मुमताजला तीच पळायची होती. मुंबईची नको, हैदराबादची नको. पुण्याचीच.

मुमताज माझ्या समोरच्या घरात राहते. ब्लाउज शिवते. तिचा नवरा गौस रिक्षा चालवतो. मी महेश्वरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. गल्लीत सगळे मला अक्का म्हणतात, माझ्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा, आणि त्याचा मला राग येतो. मिस्टर गेल्यापासून घरात मी एकटी. गुरुशांत, माझा मुलगा, बंगळूरला. दिवसा काही वाटत नाही, गिऱ्हाईक येतं, भांडण होतं, वेळ जातो. पण पहाटे जाग यायची आणि पंखा बघत पडायचं. ते पंखा बघणं मला खाऊन टाकत होतं.

तेव्हा ही मुमताज दारात आली. डॉक्टरनं तिला शुगरसाठी चालायला सांगितलेलं. म्हणाली, "अक्का, चलो ना. अकेली गई तो कुत्ते पीछे लगते."

मी गेले ते कुत्र्यांसाठी. आधी चालायला लागलो, मग अनिलकुमार सरांच्या ग्रुपात गेलो आणि पळायला लागलो. सर शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, सगळ्यांना फुकट शिकवतात आणि सगळ्यांवर ओरडतात. मुमताज सलवार-कमीजवर बूट घालायची, मी साडी सोडून गुरुशांतच्या जुन्या ट्रॅकपँटवर आले. गल्ली हसली. हसू दे की. पंखा बघायचं बंद झालं होतं माझं.

गेल्या वर्षी मुमताज ग्रुपबरोबर पुण्याला गेली. माझी लग्नाची भाकरीची ऑर्डर होती, मी गेले नाही. त्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यात मागनं एक बस येते. ती ज्याला गाठते त्यानं पळणं सोडून आत बसायचं, असा नियम. मुमताजला तिनं शेवटच्या उतारावर गाठलं. मैदान खाली दिसत होतं, वाजंत्री ऐकू येत होती, आणि हिला खिडकीपाशी बसवून मागच्या गेटनं आत नेलं. ती घरी आली, बूट पिशवीत बांधले आणि शिडी लावून माळ्यावर टाकले. मी रोज तिच्या दारात जाऊन भांडले, तेव्हा कुटं तिनं ते परत खाली काढले.

पण काढताना म्हणाली, "इस बार भी बस में बैठी तो जूते किसी को दे डालूंगी. फिर मेरे कू बुलाने आना नको."

ती उगाच बोलत नाही. शिवायला घेतलेलं कापड आणि तोंडातनं निघालेला शब्द, दोन्ही ती परत घेत नाही. मला मेडलचं काय पडलं नव्हतं. मला माझी पहाट पाहिजे होती. म्हणून या वर्षी नाव घालताना मी माझंही घातलं.

अनिलकुमार सरांनी सांगितलं, "पुण्यात नुसते चढ हायत. कुटं चढ दिसला की पळत जावा."

आम्ही अख्खं सोलापूर फिरलो. शेवटी मिळाला तो रेल्वेवरचा पूल. पहाटे तिथं शुकशुकाट असतो, रस्ता रुंद, चढ बऱ्यापैकी. आम्ही खालून पळत वर जायचो, धापा टाकत चालत खाली यायचो, परत वर. गौस तेव्हा स्टेशनकडं सकाळच्या गाडीचं भाडं धरायला निघायचा, त्याआधी आमची राखण करत पुलाच्या डोक्यावर रिक्षा लावून बसायचा. दोन दिवस त्यानं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अक्का, खाली येण्यातच तुमचा निम्मा वेळ जातोय की. चढ शिकायचाय ना? मग उतरता कशाला? बसा, मी सोडतो."

मला ते लई पटलं. आजही ऐकलं तर पटतं. भाकरी भाजताना एक भाजेपर्यंत दुसरी थापायची असते, वेळ वाया घालवायचा नाही, असंच माझं आयुष्य गेलंय. मग काय, पळत वर जायचं, रिक्षात बसायचं, गौस गर्रकन वळवून खाली सोडायचा, परत पळत वर. पुलावरनं दूध घेऊन जाणारा शिवू रोज विचारायचा, "अक्का, तुमचं नक्की काय चाललंय?" मी म्हणायची, "तू दुधात पाणी घाल, आमच्यात लक्ष घालू नको."

महिनोन् महिने हे केलं. मांड्या अशा झाल्या की पुलाचा चढ आम्हाला चढ वाटेना. सरांना आम्ही सांगितलं, पूल झाला. सरांनी खूश होऊन पाठ थोपटली. रिक्षाचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, सांगण्यासारखं त्यात काय आहे असंच आम्हाला वाटलं.

पुण्याला गौसही आला. आम्हाला सुरुवातीला सोडून तो शेवटच्या मैदानावर जाऊन थांबला. आम्ही एकवीस किलोमीटरवाल्यांत उभ्या. आजूबाजूला सगळी पुण्याची चकचकीत मंडळी, डोळ्यांवर गॉगल, कमरेला बाटल्या, खिशात कसल्या कसल्या गोड चिकट पुड्या. आमच्या कमरेला शेंगापोळीचे तुकडे, रुमालात बांधलेले.

पहिला चढ आला आणि ती चकचकीत मंडळी चालायला लागली. आम्ही पळत त्यांच्या मधनं गेलो. दुसरा चढ आला, तसंच. एक जिमवाला गडी कमरेवर हात ठेवून वाकला होता, त्याला मी म्हटलं, "काय रे बाळा, नाश्ता केला नाही का?" मुमताज हसत हसत शेंगापोळी खात चढत होती. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते, पोरं हात पुढं करत होती, आम्ही एकेकाच्या हातावर टाळी देत वर. इतकी हवा माझ्या डोक्यात कधी गेली नव्हती. मला वाटलं, पुणं पुणं म्हणतात ते हेच का?

मग उतार लागला.

पहिला उतार निभला. दुसऱ्याला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. तिसऱ्याला गुडघे माझे नाहीतच, कोणी उसने दिलेत असं वाटायला लागलं. ज्यांना ज्यांना आम्ही मागं टाकलं होतं ते सगळे आम्हाला ओलांडून सुळकन खाली गेले. तो जिमवालाही गेला. जाताना म्हणाला, "काय काकू, नाश्ता?" मी मान खाली घालून गुडघे सांभाळत राहिले.

तेव्हा मला उमजलं. "मुमताज," मी म्हटलं, "आपण खाली कधी आलोच न्हाई गं. पळत एकदापण न्हाई."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. मग रस्त्याच्या कडेचा खांब धरून एवढंच म्हणाली, "गौस कू फोन लगाओ. बोलो रिक्षा ले के आ."

हसू आलं आणि रडूही आलं. गौसचा राग आला, सरांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मीच तर आधी बसले होते त्या रिक्षात.

चढावर आम्ही कसाबसा वेळ वाचवायचो, उतारावर तो सांडत जायचा. आणि मग आला तो शेवटचा उतार. लांबलचक. खाली मैदान, रंगीत झेंडे, वाजंत्री. मुमताज वरच थबकली. हीच ती जागा. पाऊल पुढं टाकलं की गुडघा वाकायचा आणि ती कळवळायची. ती फुटपाथच्या कठड्यावर बसली. मागनं बसचा हॉर्न ऐकू आला.

तिथं अंकिता नावाची एक कार्यकर्ती पोरगी शिट्टी घेऊन उभी होती, छातीवर नाव लिहिलेलं. पोरगी गोडच होती. म्हणाली, "काकू, बस येतेय. बसून घ्या आता, खूप छान पळालात."

"तुझ्या घरी येऊन बसू की चहाला," मी म्हटलं, "बसमध्ये न्हाई."

मुमताज बुटांकडं बघत होती. ती मनात काय ठरवतीये ते मला दिसत होतं. परत तो पंखा.

"ऊठ," मी म्हटलं. "मुमताज, ऊठ. मला तुझ्याशिवाय पहाटे जमत न्हाई. मी हे कधी बोलले न्हाई, आता बोलतीये. ऊठ."

तिनं मान वर केली. कठडा धरून उठली, बस किती लांब आहे बघायला मागं वळली, आणि वळताना एक पाऊल उलटं उताराकडं पडलं. ती थांबली. आणखी एक उलटं टाकलं.

"अक्का," ती म्हणाली, "उलटा नै दुखता."

"म्हणजे?"

"माळ्यावरनं जूते काढले तेव्हा शिडी कशी उतरले? सुलटं कोण उतरतं शिडी?"

तिनं माझे दोन्ही हात धरले. ती खाली, पाठ मैदानाकडं, उलटी. मी वर, तोंड मैदानाकडं, माझा निम्मा भार तिच्या हातावर. फुगडीला उभ्या राहाव्यात तशा आम्ही दोघी आणि तशाच निघालो खाली. पहिली पावलं चुकली, मग ताल सापडला. तिला रस्ता दिसत नव्हता, तो मी सांगायचा. मला बस दिसत नव्हती, ती तिनं सांगायची.

"तुझ्या डावीकडं गटाराचं झाकण हाय, उजवीकडं ये."

"हौ. बस मोड पे आई."

"ये, ये, सरळ ये. किती लांब?"

"दिखती. ड्रायव्हर हसतोय अपने कू."

"हसू दे. पाय उचल."

"रुकी, अक्का. बस रुकी. एक गॉगलवाला चढतोय."

त्या गॉगलवाल्याचं देव भलं करो. तो सावकाश चढला असणार. रस्त्यावरचे लोक आधी बघतच राहिले, मग हसले, मग सगळे टाळ्या वाजवायला लागले. अंकिता शिट्टी वाजवत आमच्या बाजूनं पळत आली. बँडवाल्यांनीही आमच्याकडं तोंड केलं.

मैदानात शेवटची कमान हवा भरलेली होती. ती हवा भरत राहायला पंखा लावलेला, आणि पोरं आता तो बंद करायला निघालेली. गौस त्या पंख्याच्या वायरीवर पाय ठेवून उभा होता. "बस आली का?" तो विचारत होता. "न्हाई ना आली? मग माझी बायको यायचीये." पोरं त्याला समजावत होती आणि तो ऐकत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मला गौस शहाणा वाटला.

सपाटीला आलो तेव्हा मी म्हटलं, "आता वळ, कमान आली."

"नक्को," ती म्हणाली. "वळले तर पडीन. तू सांग."

मी सांगत राहिले. झेंडे आले, पोरं आली, गौस आला, तो रडतोय बघ येड्यासारखा. आणि मुमताज उलटीच कमानीखालनं आत गेली. वर्षभर जिच्यासाठी झुरली ती कमान तिला दिसलीच नाही. तिला दिसत होती बस, आणि बसमध्ये खिडकीपाशी तिची रिकामी जागा.

मेडल गळ्यात पडल्यावर ती खाली बसली आणि माझ्या ट्रॅकपँटला डोळे पुसले. मीही रडले, लपवत नाही. मग दोघींनी मिळून गौसला रिक्षावरनं असं काही सुनावलं की त्याला तिथल्या लोकांसमोर कान धरावे लागले.

परतीच्या गाडीत मुमताज मेडल धरून झोपली, आणि मला मात्र कुर्डुवाडी गेली तरी झोप नाही. बसमध्ये बसली तर पळणं सोडणार होती. ते झालं नाही. पण आता मेडलही मिळालं, आता तिला पळायचं कारण काय? शुगर तर केव्हाच ताब्यात आलीये. हे माझ्या डोक्यात आधी कसं आलं नाही, याचं मला नवल वाटत होतं. विचारायचं धाडस झालं नाही. गल्लीत आलो, आपापल्या घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. पंखा फिरत होता. अंगातला एकेक सांधा बोलत होता. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी थोडा वेळ पडून राहिले, मग राग आला. कोणाचा, ते माहीत नाही. उठले, बूट घातले आणि दार उघडलं. ती न्हाई आली तर एकटी जाईन, कुत्री लागली तर लागू देत.

माझ्या दाराला तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर पाय टाकला आणि आई गं झालं. मग वळले, चौकट धरली आणि उलटी उतरायला लागले.

मागनं रिक्षा चालू झाल्याचा आवाज आला आणि गौसचं हसणं. मान वळवून बघितलं. समोरच्या घराच्या पायऱ्यांवरनं मुमताज उतरत होती, कठडा धरून, उलटी, पायात बूट. तशाच उलट्या चालत रस्त्याच्या मधोमध आमच्या पाठी एकमेकींना लागल्या.

"कुटं?" मी विचारलं.

"पूल पे," ती म्हणाली. "गौस वर नेऊन सोडतो बोलला. चढ रिक्षानं, उतार पायानं. पुढच्या वर्षी सुलटं उतरायचंय अक्का, लोक हसले अपने कू."

मी तिचा हात धरला आणि रिक्षात बसले.